डोहाळजेवणाच्या दिवशीच सांगा: परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
परदेशातली सर्व महाराष्ट्र मंडळं

सप्रेम नमस्कार.

परदेशात जन्मलेल्या बाळाचा पहिला भारतीय पासपोर्ट काढताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ अर्जाच्या कितीतरी आधी असतं. जन्मदाखला करताना नाव अर्धवट लिहिलं जातं. दाखल्याची भलतीच प्रत घेतली जाते. किंवा 'भारतात जायचं ठरलं की काढू' म्हणता म्हणता वर्ष सरतं. दूतावासातल्या कर्मचाऱ्याला हे कुटुंब पहिल्यांदा दिसतं ते अर्ज घेऊन खिडकीपाशी आल्यावर. तुम्हाला मात्र ते डोहाळजेवणाला भेटतं, बारशाला भेटतं, गणपतीत आरतीला भेटतं. म्हणून हे पत्र परराष्ट्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात मदत करणारे आम्ही काही स्वयंसेवक आहोत. जे सांगायचं ते बाळ जन्मायच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि तिथे फक्त तुम्ही पोहोचता.

सर्वांत आधी एक समजूत दूर करायला हवी. 'आईवडील भारतीय, म्हणजे मूल जन्मतः भारतीय' असं आपल्यातले जवळजवळ सगळे धरून चालतात. मूल भारताबाहेर जन्मलं असेल तर कायदा तसं म्हणत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाचं आहे. जन्माच्या वेळी आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असणं ही त्यातली पहिली अट. पण ३ डिसेंबर २००४ पासून दुसरी अट जोडली गेली: मुलाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तिसरी अट, मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. या अटी पुऱ्या होईपर्यंत मूल कायद्याने भारतीय झालेलंच नसतं. २०१७ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने, भारतीय आईवडिलांच्या पोटी ब्रिटनमध्ये जन्मलेल्या एका मुलाच्या प्रकरणात, हाच अर्थ धरला. नोंद झालेली नव्हती म्हणून ते मूल भारतीय नव्हतं आणि ब्रिटिशही नव्हतं, म्हणजे कोणत्याच देशाचं नव्हतं.

तेव्हा जन्माची वकिलातीतली नोंद आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचे अर्ज वेगळे, शुल्क वेगळं आणि हाती येणारे कागदही वेगळे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच सेवा केंद्रात घेतले जातात, त्यामुळे हे एकच काम आहे असा समज होतो. मग पासपोर्ट हातात पडला की वकिलातीचं जन्मनोंदणी प्रमाणपत्र कुठल्यातरी फाइलीत तळाला जातं. हे प्रमाणपत्र त्या मुलाच्या नागरिकत्वाचं मूळ आहे. भारतात जन्मलेल्याला महापालिकेचा दाखला जसा जन्मभर जपावा लागतो, तसंच हेही जपायचं. पासपोर्टची मुदत संपते, या प्रमाणपत्राची संपत नाही.

आजीआजोबांकडून येणारा एक सल्लाही आता जुना झाला आहे. पूर्वी मुलाचं नाव आईच्या पासपोर्टवर चढवून घेता येत असे. आता तान्ह्या बाळालाही स्वतःचं स्वतंत्र पुस्तक लागतं.

यानंतरचा प्रश्न देशागणिक बदलतो: बाळाला जन्मभूमीचं नागरिकत्व आपोआप मिळतं का? इथे एकाच उत्तराने सगळ्यांचं भागत नाही, आणि मंडळांच्या गटांवर सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. दुबईतल्या मावशीचा अनुभव टोरांटोतल्या भाचीला लागू पडत नाही.

आखातात, जपानमध्ये, सिंगापूरमध्ये तिथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळत नाही. आईवडील दोघे भारतीय असतील तर बाळाला भारतीय पासपोर्टवाचून दुसरा आधार नसतो, आणि घाईही खरी असते. संयुक्त अरब अमिरातीत नवजात बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांत व्हावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. तो व्हिसा पासपोर्टवर अवलंबून, आणि पासपोर्ट तिथल्या जन्मदाखल्यावर. चार महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. पण दाखला, त्याचं साक्षांकन, वकिलातीतली नोंद, पासपोर्ट आणि मग व्हिसा अशी ही साखळी आहे. पहिली कडी महिनाभर लांबली की पुढच्या सगळ्या ओढल्या जातात. जपानमध्ये जन्माची खबर १४ दिवसांत नगर कार्यालयात द्यावी लागते, निवासाच्या दर्ज्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि त्या दर्ज्याशिवाय बाळाला जन्मापासून फक्त ६० दिवस राहता येतं.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, जर्मनी इथे उत्तर आईवडिलांच्या निवासाच्या दर्ज्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश किंवा कायमस्वरूपी निवासी असावे लागतात. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून साधारण तसाच नियम आहे. जर्मनीत २७ जून २०२४ पासून आई किंवा वडील पाच वर्षं कायदेशीर राहिलेले आणि कायम निवासाचा हक्क असलेले असतील, तर बाळ जन्मतः जर्मन ठरतं. त्याआधी ही अट आठ वर्षांची होती. म्हणून एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांची उत्तरं वेगळी निघू शकतात, एक वर्क व्हिसावर आणि दुसरं कायम निवासी म्हणून. मंडळाच्या कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: जन्माच्या दिवशी आईवडिलांचा इथला दर्जा काय होता किंवा असेल?

अमेरिका आणि कॅनडा इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. कॅनडात जन्मलेलं मूल, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले तर, कॅनेडियन असतं. अमेरिकेत हा हक्क १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आला. २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांना तो नाकारण्याचा प्रयत्न झाला आणि वाद न्यायालयांत गेला. तेव्हा बाळाच्या जन्माच्या दिवशीची कायदेशीर स्थिती पाहूनच पुढचं ठरवायला सांगा. भारतीय कायद्याचे शब्द इथे नीट वाचायला हवेत. आईवडिलांनी लिहून द्यायचं ते 'दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' एवढंच. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नाही असं नव्हे. म्हणजे तिथला पासपोर्ट काढलेला नसेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाची वकिलातीत नोंद होऊ शकते आणि भारतीय पासपोर्टही निघू शकतो. कायद्याने हे बसतं. प्रवासात मात्र बसत नाही. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरावा असा तिथला कायदा आहे, आणि आपल्याच नागरिकाला ते व्हिसा देत नाहीत. कॅनडानेही २०१६ पासून दुहेरी नागरिकांना विमानात चढण्यासाठी कॅनेडियन पासपोर्टची सक्ती केली आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आजोळी गेलेलं बाळ परत येताना अडकतं. परतीसाठी तिथला पासपोर्ट काढला, की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, तो परत करावा लागतो.

म्हणून तिथे राहायचं ठरलेल्या कुटुंबांनी तिथला पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हा मार्ग धरणं आम्हाला योग्य वाटतं. जे लवकरच कायमचे भारतात परतणार आहेत, त्यांच्यासाठी भारतीय नोंद आणि पासपोर्ट हाच सरळ रस्ता. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, आणि तसा सल्ला मंडळाच्या नावाने कोणी देऊ नये. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, हेही सांगून ठेवा. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती आहेत. त्यात मतदानाचा हक्क नाही. भारतीय नोंद झालेल्या आणि जन्माने दुसरंही नागरिकत्व असलेल्या मुलाला पुढे एक तारीख पाळावी लागते. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. ही गोष्ट अठरा वर्षांनी कोणाच्या लक्षात राहणार? जन्मनोंदणी प्रमाणपत्राच्या पाकिटावरच ती लिहून ठेवायला सांगा.

आता नावाबद्दल. यावर आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण मराठी घरांचे सर्वाधिक अर्ज इथेच अडतात.

आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. परदेशातलं रुग्णालय किंवा नोंदणी कार्यालय आपल्या बारशासाठी थांबत नाही. अमेरिकेत बहुधा घरी सोडण्याआधीच नाव विचारतात. जपानच्या १४ दिवसांत जन्माचा दिवसही धरला जातो, म्हणजे बाराव्या दिवशी नाव ठेवलं तर हाती जेमतेम दोन दिवस उरतात. इंग्लंडमध्ये ४२ दिवस मिळतात, स्कॉटलंडमध्ये २१. जर्मनीत जन्माची खबर आठवड्यात द्यायची असते, पण नाव ठरलं नसेल तर ते महिन्याभरात कळवता येतं. नाव कानात बाराव्या दिवशीच सांगा, पण कागदावर कसं लिहायचं ते सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. मुलगा झाला तर आणि मुलगी झाली तर, दोन्ही नावं पूर्ण लिहून, इंग्रजी स्पेलिंगसह.

पूर्ण म्हणजे किती, हाच खरा प्रश्न. आपल्या पद्धतीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भारतीय पासपोर्टमध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. आडनावाचा एक आणि दिलेल्या नावाचा एक, असे दोनच रकाने. वडिलांचं नाव घालायचं तर ते दिलेल्या नावाच्या रकान्यात, बाळाच्या नावापुढे येतं. ते घाला किंवा गाळा, दोन्ही चालतं. चालत नाही ते एका कागदावर घालणं आणि दुसऱ्यावर गाळणं. स्थानिक दाखल्यावर 'आरव जोशी' आणि पासपोर्टच्या अर्जात 'आरव संदीप जोशी' लिहिलं की अर्ज परत येतो, कारण वकिलात नाव स्थानिक दाखल्यावरून घेते. मग दाखल्यात दुरुस्ती करून आणा, म्हणजे आणखी काही आठवडे गेले. आमचं मत असं: वडिलांचं नाव हवंच असेल तर ते पहिल्याच दाखल्यात घालावं, आणि तिथे घातलं नसेल तर पुन्हा कुठेही घालू नये.

स्पेलिंगचं तसंच. वडिलांच्या पासपोर्टवर 'संदीप'मध्ये 'आय' असेल आणि रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये घाईत दोन 'ई' लिहिले गेले, तर बाळाच्या दाखल्यावरचा बाप वेगळा माणूस ठरतो. 'लक्ष्मण'मध्ये कोणी 'एक्स' लिहितं, कोणी 'के' आणि 'एस'. रुग्णालयात जाताना आईवडिलांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स पिशवीत ठेवायला सांगा, आणि फॉर्म आठवणीने नव्हे, त्या झेरॉक्सवरून भरायला सांगा. जपानमध्ये दाखल्यावर परदेशी नावं काताकाना लिपीत येतात. तिथे इंग्रजी भाषांतर करताना जे स्पेलिंग लिहाल तेच पुढे बाळाचं होणार, म्हणून भाषांतर करणाऱ्याला स्पेलिंग आधी लिहून द्या.

आईच्या नावाचा गुंता वेगळा. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यात सासरचं, इथल्या निवासी कार्डावर तिसरंच काहीतरी, अशी परिस्थिती अनेक घरांत असते. बाळाच्या दाखल्यावर आईचं नाव तिच्या चालू पासपोर्टप्रमाणे यावं, हा साधा नियम धरा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं पासपोर्टचा कोणताही नियम म्हणत नाही. पण नवऱ्याचं नाव आईच्या आणि बायकोचं नाव वडिलांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आहे ना, हे गरोदरपणातच पाहायला हवं. नसेल तर विवाह प्रमाणपत्र लागतं, आणि काही वकिलाती आधी तो बदल करून आणायला सांगतात. गावाकडचं जुनं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी प्रत किंवा प्रमाणित भाषांतर भारतातून मागवायला वेळ लागतो. आईवडिलांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरण आणि जोडीदाराच्या नावाची भर ही दोन्ही कामं बाळंतपणाच्या आधी एकाच अर्जात उरकतात.

दाखल्याची प्रत कोणती, हे मोजक्या शब्दांत: आईवडिलांची नावं असलेली. ब्रिटनमध्ये छोटा आणि पूर्ण असे दोन दाखले मिळतात. छोट्यावर आईवडिलांची नावं नसतात, म्हणून तो इथे कुचकामी. कॅनडाच्या काही प्रांतांतही तोच फरक आहे. पूर्ण दाखल्याच्या दोन-तीन प्रती सुरुवातीलाच मागवून ठेवाव्यात. आखातात दाखल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन लागतं, तर काही देशांत अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथलं सरकार देतं तो शिक्का, मागतात. हे आपल्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून मंडळाच्या पत्रकात नेमकं लिहा.

आता अर्ज. परदेशातून पासपोर्टचा अर्ज ग्लोबल पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. खातं आई किंवा वडिलांच्या नावाने उघडायचं, अर्जदार म्हणून बाळ. प्रकार 'फ्रेश', म्हणजे नवा, 'रीइश्यू' नव्हे. नागरिकत्व कशाने मिळालं, या रकान्यात जन्म, वंश आणि नोंदणी किंवा देशीयीकरण असे पर्याय असतात. तिथे 'वंश', म्हणजे 'डिसेंट' निवडायचं. बाळाची नोंद वकिलातीत झाली म्हणून कोणी 'रजिस्ट्रेशन' निवडतात, तर मूल जन्मतः भारतीय असं समजून कोणी 'बर्थ' निवडतात. दोन्ही चूक. जन्मस्थान भारताबाहेरचं आहे, ही खूण करायला विसरू नये, आणि गावाचं नाव दाखल्यावर आहे तेच लिहावं, जवळच्या मोठ्या शहराचं नव्हे. नॉन-ईसीआरच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना लागणाऱ्या सरकारी परवानगीतून सूट आहे का, या प्रश्नाला 'होय', कारण १८ वर्षांखालची मुलं त्या वर्गात येतात. अमेरिकी दाखल्यावर तारीख महिना-दिवस-वर्ष अशी असते आणि आपल्या अर्जात दिवस-महिना-वर्ष. ७ एप्रिलला जन्मलेलं बाळ त्यामुळे सहज ४ जुलैचं होतं. तारीख भरणाऱ्याने भरावी आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचावी.

अल्पवयीनांसाठीचं आईवडिलांचं घोषणापत्र म्हणजे अनेक्श्चर डी. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. दोघांपैकी एक जण भारतात किंवा तिसऱ्या देशात असेल, तर त्याची सही कोणासमोर साक्षांकित करून हवी, ते वकिलातीला आधी विचारून घ्यावं. एका पालकाची संमती मिळतच नसेल, तर अनेक्श्चर सी आहे. एकट्या आईला किंवा विभक्त पालकाला 'दोघं आल्याशिवाय होणार नाही' असं सांगून कोणी परत पाठवत असेल तर तो चुकीचा सल्ला आहे. डिसेंबर २०१६ च्या बदलांनंतर अर्जात एकाच पालकाचं नावही चालतं. अशा आयांना मंडळातल्या कोणीतरी सोबत करावी, अशी आमची मनापासून विनंती आहे.

फोटो आणि अंगठा या बारीक वाटणाऱ्या गोष्टी, पण अर्ज त्यांच्यासाठीही परत येतात. फोटो आता आंतरराष्ट्रीय निकषांचा लागतो: पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही, चेहऱ्याने चौकटीचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला. कागदी फोटोचं माप ठिकाणानुसार बदलतं. कुठे दोन इंच बाय दोन इंच, कुठे ३५ बाय ४५ मिलिमीटर. तान्ह्या बाळाला मांडीवर धरून काढलेल्या फोटोत हात किंवा खांदा येतोच. त्यापेक्षा खिडकीजवळ जमिनीवर पांढरी, न चुरगळलेली चादर अंथरावी, बाळाला दूध पाजून उताणं झोपवावं आणि वरून सरळ खाली फोटो घ्यावा. फ्लॅश नको, कारण कानामागे सावली पडते. काजळ-तीट त्या दिवशी लावू नका. ॲपने पार्श्वभूमी पुसू नका. जावळाच्या कडा कापल्या जातात आणि ते तपासणीत दिसतं. सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा लागतो. तो बाळ गाढ झोपेत असताना घ्यावा, आधी साध्या कागदावर दोन-तीनदा. शाई अगदी थोडी, अंगठा दाबून न धरता हलकेच टेकवावा, आणि ठसा चौकटीच्या रेषेला लागू देऊ नये. कोऱ्या अर्जाच्या दोन प्रती जास्तीच्या छापलेल्या असाव्यात.

शुल्क प्रत्येक देशात स्थानिक चलनात ठरलेलं असतं. त्यावर भारतीय समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम आणि सेवा केंद्राचा आकार येतो. छायाप्रती, एसएमएस, कुरिअर अशा वाढीव सेवा काउंटरवर सुचवल्या जातात. कोणती सक्तीची आणि कोणती ऐच्छिक, ते आधी वाचून जावं. आपला जिल्हा किंवा राज्य कोणत्या वकिलातीच्या हद्दीत येतं, तेही पाहावं. चुकीच्या हद्दीत टपालाने पाठवलेला अर्ज परत येण्यातच दोन-तीन आठवडे जातात, आणि त्यात आईवडिलांचे मूळ कागद असले तर जीव टांगणीला लागतो.

पुस्तक हातात आलं की त्याच दिवशी तपासायचं: नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थान, आईवडिलांची नावं. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. पाचवं वर्ष लागलं की पुढच्या अर्जाची तयारी करावी, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढल्यावर मुदत आठवते. स्थानिक निवास परवाना किंवा व्हिसा त्यावर लागेपर्यंत भारताचं तिकीट काढू नये. भारतात जाता येईल, पण बाळाला परत यायला परवाना नसेल.

आणि ज्यांचं वर्ष उलटून गेलं आहे? अशी कुटुंबं तुमच्याही ओळखीत असतील, आणि बहुधा ती गप्प बसलेली असतात. त्यांना सांगा की दार बंद झालेलं नाही. वर्षानंतरच्या नोंदीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. तो विषय गृह मंत्रालयाकडे असतो आणि अर्ज वकिलातीमार्फत जातो. उशीर का झाला, ते खरं आणि पुराव्यासह लिहायचं: आजारपणाचे कागद, स्थानिक दाखला उशिरा मिळाल्याची तारीख, व्हिसाचा पत्रव्यवहार. 'माहीत नव्हतं' हेच खरं कारण असेल तर तेच लिहावं, त्यावर खोटं आजारपण रचू नये. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगीला महिने लागतात आणि तोवर पासपोर्ट निघत नाही. त्यामुळे स्थानिक निवासाचा प्रश्न उभा राहत असेल, तर अर्जाची पोच दाखवून तिथल्या कार्यालयाशी लगेच बोलावं. आणखी थांबल्याने मात्र काहीच सोपं होत नाही. तेराव्या महिन्यातला अर्ज आणि सातव्या वर्षीचा अर्ज यांत उशिराचं कारण सांगण्याचं ओझं फार वेगळं असतं.

आमची मंडळांकडे मागणी मोठी नाही. आपल्या देशापुरतं एक पानाचं पत्रक मराठीत करा. त्यात वरच्या ओळीला हे: जन्म झाल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीत अर्ज, आणि कोणत्याही परिस्थितीत वर्षाच्या आत नोंद. कायद्याने मुदत वर्षाची आहे, पण ती नोंद होण्याची आहे, कागद जमवायला लागण्याची नव्हे. अकराव्या महिन्यात त्रुटी निघाली तर ती भरायला वेळ उरत नाही. त्याखाली आपल्या देशातली दाखल्याची मुदत, कोणती प्रत, साक्षांकन कुठे, वकिलातीची हद्द, निवास परवान्याची मुदत. हे पत्रक डोहाळजेवणाच्या ओटीबरोबर द्या. एका सदस्याकडे हे काम सोपवा आणि दर सहा महिन्यांनी वकिलातीच्या संकेतस्थळाशी पडताळून पानाच्या तळाशी तपासल्याची तारीख घाला. तारीख नसलेलं पत्रक वाटू नका. शुल्क, फोटोचे निकष आणि संकेतस्थळाचा पत्ता बदलत राहतात.

मंडळाने अर्ज भरून देणारी संस्था होऊ नये, असं आम्हाला वाटतं. अर्ज आईवडिलांनीच भरावा. आपण शेजारी बसून वाचावा. बाळाचा दाखला, आईवडिलांचे पासपोर्ट यांचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी टाकले तर ते लगेच काढायला सांगा. शंका विचारायला नाव-नंबराची गरज नसते. आणि गटावर 'आमचं तर असं झालं होतं' असं कोणी लिहिलं, तर त्याला आधी कोणता देश, कोणतं वर्ष आणि तेव्हा व्हिसाचा दर्जा काय होता, हे विचारा.

आपले,
परदेशातल्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांत मदत करणारे काही स्वयंसेवक